पेल्यातले कोयनेल

मागच्या पावसाळ्यात एका मित्राच्या घरी जेवायला गेलो होतो. या मित्राला अलीकडे घरच्या घरी मिश्रपेये करण्याचा छंद लागला आहे. स्वयंपाकघरातल्या एका फळीवर त्याने मोजपात्रे, गाळणी, लिंबू पिळायचे यंत्र असा सरंजाम मांडला आहे. आमच्या प्रयोगशाळेपेक्षा तो अधिक टापटीप आहे, हे कबूल केले पाहिजे. त्याने पेल्यात बर्फ घातला, थोडी जिन ओतली, वरून टॉनिक वॉटर, लिंबाची एक चकती, आणि पेला पुढे करत म्हणाला, "अरे, याला दारू म्हणू नकोस. हे औषध आहे. हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांना हिवताप होऊ नये म्हणून क्विनीन घ्यावे लागायचे. ते कडूजहर. म्हणून त्यांनी त्यात जिन आणि लिंबू घालून हे पेय काढले."

मित्राचा मुलगा अकरावीत आहे. तो शेजारी बसून ऐकत होता. त्याने बाटली उचलून तिच्यावरची चिठ्ठी वाचली आणि विचारले, "काका, यात क्विनीन असल्याचं लिहिलंय, पण किती ते नाही. किती असतं? आणि हिवतापाला किती लागतं?"

प्रश्न सरळ होता, आणि आम्हाला उत्तर माहीत नव्हते. ही गोष्ट आम्हीही अनेक वर्षे ऐकत होतो, एकदोनदा दुसऱ्यांना सांगितलीही होती. पण हा प्रश्न कधी पडला नव्हता. त्या रात्री घरी आल्यावर थोडी शोधाशोध केली. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहोत. शिक्षणविषयक मासिकात जिनचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा. या लेखातल्या प्रयोगाला जिनची गरज नाही.

प्रथम क्विनीनविषयी. आमची आजी त्याला 'कोयनेल' म्हणे, आणि तो शब्द उच्चारतानाच तोंड वाकडे करी. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या उतारांवर, आजच्या पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर या देशांत, सिंकोना नावाची झाडे वाढतात. त्यांच्या सालीत हे द्रव्य असते. सतराव्या शतकाच्या मध्यास जेसुइट पाद्र्यांनी ही साल युरोपात नेली. हिवताप तेव्हा केवळ उष्ण प्रदेशाचा रोग नव्हता. रोम आणि लंडनच्या आसपासच्या दलदलींतही तो होता.

या झाडाच्या नावामागेही एक गोष्ट आहे. पेरूच्या स्पॅनिश व्हाइसरॉयची पत्नी, चिंचोनची काउंटेस, तापाने आजारी पडली, सालीने बरी झाली आणि ती साल घेऊन स्पेनला परतली, अशी ती गोष्ट. लिनियसने 1742 साली तिच्या सन्मानार्थ झाडाला नाव दिले, आणि देताना एक अक्षर गाळले. चिंचोनाचे सिंकोना झाले. पुढे 1941 साली हॅगिस नावाच्या अभ्यासकाने व्हाइसरॉयच्या कारकिर्दीतली रोजनिशी तपासली, तेव्हा काउंटेसच्या त्या आजाराचा आणि सालीने बरे होण्याचा तिच्यात मागमूसही नव्हता. गोष्ट गेली, नाव मात्र राहिले. जिन-टॉनिकच्या गोष्टीकडे वळताना हे ध्यानात असू द्यावे.

सालीचे चूर्ण पोटात घ्यायचे कसे, हा मोठाच प्रश्न होता. ते अतिशय कडू, शिवाय पाण्यात नीट विरघळत नाही. सालीतली अल्कलॉइडे मद्यार्कात मात्र पाण्यापेक्षा चांगली उतरतात. म्हणून चूर्ण द्राक्षाच्या मद्यात भिजवून देण्याची पद्धत पडली. रॉबर्ट टॅल्बर या इंग्रजाने तर त्यावर नशीबच काढले. प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये 'जेसुइटांची पूड' म्हणून सालीविषयी संशय होता. टॅल्बरने 1672 सालच्या आपल्या पुस्तकात वाचकांना या पुडीपासून सावध राहायला सांगितले, आणि स्वतःचे गुप्त औषध विकायला काढले. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने त्याला 1678 साली सरदारकी दिली. पुढे फ्रान्सच्या युवराजालाही त्याने बरे केले. चौदाव्या लुईने त्याचे गुपित मोठी रक्कम देऊन विकत घेतले, पण टॅल्बर जिवंत असेपर्यंत ते प्रसिद्ध करायचे नाही, अशी अट होती. टॅल्बर 1681 साली वारला आणि 1682 साली कृती छापली गेली. गुलाबाच्या पाकळ्या, लिंबाचा रस, मद्य, आणि भरपूर सिंकोनाची साल! ज्या पुडीची त्याने निंदा केली तीच.

कृती पाहिली तर हे मिश्रपेयच आहे: कडू, आंबट, सुगंधी आणि मादक. आमच्या मित्राच्या फळीवर सहज शोभले असते. पण त्यातली साल औषधाच्या मात्रेत होती. मद्य, लिंबू, गुलाब ही तिच्यावर चढवलेली झूल.

पुढे 1820 साली पॅरिसमध्ये पेलेतिए आणि काव्हांतू या दोघा औषधशास्त्रज्ञांनी सालीतून क्विनीन शुद्ध रूपात वेगळे केले. या घटनेचे महत्त्व रसायनशास्त्राच्या पुस्तकांत सांगतात त्याहून थोडे वेगळ्या ठिकाणी आहे. साल म्हटली की तिच्यात औषध किती, हे झाडागणिक, डोंगरागणिक बदलते. आता प्रथमच ग्रेनच्या वजनात मोजून मात्रा देता येऊ लागली. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम. मात्रा मोजता आली म्हणून पुढे ब्रिटिश आरमारात आफ्रिकेच्या किनाऱ्यावर खलाशांना क्विनीन मद्यातून वाटता आले, आणि 1854 साली बेकी या डॉक्टरच्या नेतृत्वाखाली नायजर नदीत गेलेल्या जहाजावर रोज क्विनीन दिल्याने तापाने एकही माणूस दगावला नाही. आधीच्या मोहिमांत माणसे पटापट मेली होती. तेव्हा क्विनीन मद्यातून घेतले जाई, हा मित्राच्या गोष्टीतला खरा भाग.

आता गोष्टीतले दुसरे पात्र, सोडा. जोसेफ प्रीस्टली 1767 साली इंग्लंडमधल्या लीड्स गावी एका बिअरच्या कारखान्याशेजारी राहत होता. आंबवणाऱ्या पिंपांवर साठणारी हवा त्याने पाण्यात मिसळून पाहिली. आज आपण तिला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. 1772 साली त्याने कृती प्रसिद्ध केली. या पाण्याने खलाशांचा स्कर्व्ही बरा होईल, अशी त्याची समजूत होती, आणि कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीबरोबर ते करण्याची साधने पाठवली गेली. स्कर्व्हीला हवे क जीवनसत्त्व. बुडबुड्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण 'फसफसणारे पाणी आरोग्याला चांगले' ही कल्पना मात्र रुजली ती रुजलीच. श्वेप्पे नावाच्या गृहस्थाने 1783 साली जिनिव्हात तिच्यावर धंदा उभारला. (आपल्याकडच्या गोटी सोड्याची बाटली बऱ्याच नंतरची. ती हायरम कॉड या इंग्रजाची, 1872 सालच्या पेटंटातली. तिच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहायला हवे.)

फसफसत्या पाण्यात क्विनीन घालून विकण्याचे पहिले पेटंट 1858 सालचे, लंडनच्या इरॅस्मस बाँड याचे. हिंदुस्थानातल्या कुणा साहेबाचे नव्हे! आणि बाँड आपले पाणी कशासाठी विकत होता? हिवतापासाठी नव्हे. पचनासाठी आणि एकूण शक्तीसाठी. 'टॉनिक' या शब्दाचा अर्थच तो. आपल्याकडे काडेचिराईताचा काढा कडू म्हणून गुणकारी मानतात, तसाच तिकडेही कडूपणाला मान होता. श्वेप्पेच्या कंपनीने क्विनीनयुक्त टॉनिक 1870च्या दशकात बाजारात आणले, आणि त्याला 'इंडियन' हे विशेषण चिकटले.

जिन आणि टॉनिक एकत्र असल्याचा, आजवर सापडलेल्यांपैकी सर्वांत जुना उल्लेख मात्र खरोखरच हिंदुस्थानातला आहे. 'ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझीन' या नियतकालिकात 1868 साली सियालकोटच्या घोड्यांच्या शर्यतीचे वर्णन आले. शर्यत संपल्यावर मंडळी जिन-टॉनिक, ब्रँडी-सोडा आणि चिरूट यांसाठी ओरडू लागली, असे त्यात आहे. तापाचे नाव नाही, डॉक्टरांचे नाव नाही. शर्यतीनंतर घसा ओला करणाऱ्यांची ही हाकाटी. चिरूट औषध म्हणून मागवत असतील तर गोष्ट वेगळी.

पण एका मासिकातल्या एका उल्लेखावरून गोष्ट खोटी ठरत नाही. कुणी म्हणेल, शर्यतीत मजेसाठी प्याले, पण घरी औषध म्हणून पीत असतील. येथे त्या मुलाचा प्रश्न कामाला येतो: किती?

आजच्या टॉनिक वॉटरमधले क्विनीन अमेरिकेच्या नियमाप्रमाणे दशलक्ष भागांत 83 भागांहून जास्त नसते, म्हणजे लिटरला सुमारे 83 मिलिग्रॅम. आपण ही कमाल मर्यादाच धरू. हिवताप झालेल्या प्रौढाला क्विनीन सल्फेट द्यायचे तर ठरलेली मात्रा दर आठ तासांनी 648 मिलिग्रॅम अशी आहे. हा 648 आकडा वर्गात मुलांना दाखवण्यासारखा आहे. 600 नाही, 650 नाही, 648च का? कारण ते बरोबर दहा ग्रेन आहेत. जुने माप गेले तरी आकड्यातून डोकावते आहे.

दिवसाला तीन मात्रा म्हणजे 1944 मिलिग्रॅम. भागिले 83. सुमारे 23.4 लिटर टॉनिक वॉटर. एका पेल्यात 150 मिलिलिटर धरले तर 156 पेले, रोज, आणि तेही काही दिवस ओळीने. उपचार राहू द्या, केवळ प्रतिबंध घेऊ. सैन्यात प्रतिबंधासाठी रोज पाच ग्रेन, म्हणजे 324 मिलिग्रॅम, ही मात्रा पुष्कळदा वापरली जाई. त्यासाठी 3.9 लिटर, म्हणजे 26 पेले लागतील. प्रत्येक पेल्यात 30 मिलिलिटर जिन असेल तर दिवसाची जिन 780 मिलिलिटर, एक अख्खी बाटली आणि वर थोडी. साहेब हिवतापाने मेला नसता, पण फार जगलाही नसता.

यावर एक रास्त शंका निघते. त्या काळचे टॉनिक अधिक कडक असेल तर? तेही तपासू. एकाच पेल्यातून 324 मिलिग्रॅम द्यायचे तर टॉनिकमध्ये लिटरला 2160 मिलिग्रॅम क्विनीन हवे, आजच्या 26 पट. क्विनीन सल्फेट साध्या थंड पाण्यात लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपासच विरघळते. आम्ल घातले तर जास्त विरघळेल, हे खरे. टॉनिकमध्ये सायट्रिक आम्ल असतेच. पण जीभ? लिटरला दोनतीन मिलिग्रॅम क्विनीन असले तरी माणसाच्या जिभेला कडूपणा जाणवतो. म्हणजे आजचे टॉनिकच त्या उंबरठ्याच्या तीसेक पट आहे, आणि ते पुरेसे कडू लागते. त्याच्याही 26 पट कडू पेय कुणी शर्यतीच्या मैदानावर ओरडून मागवील, हे आम्हाला पटत नाही.

ज्यांना मात्रा घ्यायची ते ती पुडीतून, गोळीतून, नाहीतर मद्यात ढवळून घोटभर घेत आणि तोंड धुऊन टाकत. संध्याकाळचे पेय ही वेगळी गोष्ट. टॅल्बरच्या पेल्यात औषधाने पेयाचे रूप घेतले होते. दोनशे वर्षांनी जिनच्या पेल्यात पेयाने औषधाचे नाव घेतले. दोन्हींत लिंबू आहे, मद्य आहे, कडूपणा आहे, म्हणून ती एकाच घराण्यातली वाटतात. फरक फक्त मात्रेचा आहे, आणि औषधात तोच सगळा फरक असतो.

या गोष्टीवर आमचा आणखी एक राग आहे. तिच्यामुळे हिंदुस्थानातल्या क्विनीनची खरी हकीकत मागे पडते. क्लेमंट्स मार्कहॅमने 1860 साली अँडीजमधून रोपे आणि बिया मिळवल्या. निलगिरीत उटकमंडजवळ आणि पुढे दार्जिलिंगजवळ मुंगपू येथे सरकारी लागवड झाली. (रवींद्रनाथ ठाकूर आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मुंगपूला जाऊन राहत, ते तिथल्या क्विनीन कारखान्यातल्या रसायनतज्ज्ञाच्या घरी.) या झाडांत क्विनीन कमी आणि त्याची भावंडे असलेली अल्कलॉइडे जास्त होती. तेव्हा मद्रास इलाख्यात 1866 साली एक समिती नेमून चारही अल्कलॉइडे रुग्णांवर तपासली गेली. चौघांच्या गुणात फार फरक नाही, असे दिसले. त्यावरून शुद्ध क्विनीनच्या मागे न लागता सगळ्यांचे मिश्रण स्वस्तात करण्याचा मार्ग निघाला. बंगालमध्ये 1892 पासून टपाल कचेऱ्यांतून क्विनीनच्या पुड्या एका पैशाला विकल्या जाऊ लागल्या. मात्रा मोजून बांधलेली, पोस्टमास्तरच्या हातून मिळणारी पुडी! डास हिवतापाचे परोपजीवी वाहतो, हे रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत दिसले ते त्यानंतर, 1897च्या ऑगस्टात.

उत्तम झाडे मात्र डचांच्या हाती गेली. बोलिव्हियातल्या मान्वेल इंक्रा मामानी या आदिवासी माणसाने वर्षानुवर्षे शोधून उत्कृष्ट झाडांचे बी गोळा केले होते. त्याच्या इंग्रज मालकाने, चार्ल्स लेजरने, ते विकायला काढले. ब्रिटिश सरकारने नाकारले आणि डचांनी 1865 साली एक पौंड बी घेतले. त्या बियांतून जावा बेटावर उभ्या राहिलेल्या झाडांत काहींच्या सालीत 13 टक्क्यांपर्यंत क्विनीन निघाले. 1930च्या दशकात जगातले नव्वद टक्क्यांहून अधिक क्विनीन जावाचे होते. मामानीला मात्र बी गोळा केल्याबद्दल बोलिव्हियात तुरुंगात मारहाण झाली आणि तो मेला. झाडाला नाव काउंटेसचे, जिला कदाचित हे झाड ठाऊकही नव्हते.

आता प्रयोग. टॉनिक वॉटरची एक बाटली, साधा सोडा, आणि नोटा तपासायचा अतिनील दिवा आणावा. खोलीत अंधार करून दोन पेल्यांवर दिवा धरावा. सोडा काळोखातच राहतो, टॉनिक निळे उजळते. अदृश्य अतिनील प्रकाश क्विनीनचे रेणू शोषून घेतात आणि त्यातली थोडी ऊर्जा गमावून उरलेली निळ्या प्रकाशाच्या रूपाने परत देतात. जॉन हर्शेलने 1845 साली क्विनीनच्या द्रावणातली ही निळाई नोंदवली. स्टोक्सने 1852 साली तिचे कारण सांगितले आणि तिला नाव दिले. मराठीत आपण तिला प्रतिदीप्ती म्हणतो. स्टोक्सपाशी दिवा नव्हता. त्याने सूर्यप्रकाश चर्चच्या खिडकीच्या निळ्या काचेतून गाळला, आणि निघणारा प्रकाश पाहण्यासाठी दुसरी गाळणी वापरली ती पांढऱ्या वाइनच्या पेल्याची. मद्य आणि क्विनीन यांच्या सहवासाचे विज्ञानाला उपयोगी पडलेले हे उदाहरण आम्हाला सर्वांत आवडते.

मग उजळत्या पेल्यात चमचाभर मीठ टाकून ढवळावे. निळाई झपाट्याने मंदावते. मिठातले क्लोराइड आयन उत्तेजित रेणूंची ऊर्जा प्रकाश होण्याआधीच काढून घेतात. क्विनीन तेवढेच आहे, फक्त दिसत नाही. हेही मुलांना विचार करायला लावते. दुसऱ्या महायुद्धात जावा जपानच्या ताब्यात गेले आणि क्विनीन दुर्मीळ झाले, तेव्हा हिवतापावरचे पर्यायी औषध रक्तात किती उरते हे मोजायला अमेरिकेत ब्रोडी आणि उडेनफ्रेंड यांनी प्रतिदीप्तीचाच आधार घेतला.

इतके लिहून झाल्यावर मित्राला फोन केला. आकडे ऐकून तो हसला आणि म्हणाला की दुकानातल्या टॉनिकमध्ये दम नाही हे त्यालाही वाटत होतेच. म्हणून आता तो परदेशातल्या छांदिष्टांप्रमाणे सिंकोनाची साल मागवून घरीच टॉनिकचा पाक करणार आहे. आम्ही दचकलो. वीस ग्रॅम साल घेतली आणि तिच्यात दोन टक्के क्विनीन असले तर 400 मिलिग्रॅम. दहा टक्के असले तर 2000. दोन्ही साली दिसायला सारख्याच तपकिरी. सगळे पाण्यात उतरणार नाही हे खरे, पण किती उतरले हे स्वयंपाकघरात कळायचे कसे? चूर्ण बारीक असले तर ते फडक्यातूनही खाली येते आणि पेल्याच्या तळाशी बसते. क्विनीन जास्त झाले की कानांत दडे बसतात, गुणगुण ऐकू येते, डोके गरगरते, दिसायला अंधुक होते. आणखी जास्त झाले तर हृदयाचे ठोके बिघडतात. परदेशात घरगुती टॉनिक पिऊन लोक या लक्षणांनी आजारी पडले आहेत. गरोदर स्त्रियांना आणि हृदयाचे औषध घेणाऱ्यांना तर धोका अधिकच. 2020 साली कोव्हिडच्या दिवसांत टॉनिक वॉटर प्या, संत्र्या-मोसंब्यांच्या साली उकळून घरी क्विनीन करा, असे निरोप मोबाइलवर फिरत होते. संत्र्याच्या सालीत क्विनीन नसते. टॉनिकमध्ये असते, पण ते हिवतापालाही पुरत नाही. कोव्हिडचा तर प्रश्नच नाही.

मित्राला आम्ही एवढेच विचारले, "1820च्या आधीच्या माणसाला जी अडचण होती, ती पुन्हा पैसे देऊन कशाला विकत घेतोस?" तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, पार्सल परवा यायचे आहे, आल्यावर बघू. मागून मुलाचा आवाज आला. त्याला ती साल हवी होती. अतिनील दिवा त्याने आधीच मागवला होता, आणि सालीच्या पाण्यात किती थेंब लिंबू घातल्यावर निळाई वाढते ते त्याला पाहायचे होते.